प्रोटॉनने घेतली फिरकी!

आमच्या बिबवेवाडीत वार्षिक परीक्षा संपली, की भोवरे बाहेर पडतात. बाकी वर्षभर क्रिकेट, पण ते चार-सहा आठवडे भोवऱ्यांचे. कुणाच्या भोवऱ्याची आर टोकदार, कुणाचा भोवरा जास्त वेळ उभा राहतो, कोण जाळीचा झटका देऊन भोवरा जमिनीला न टेकवता थेट तळहातावर घेतो, यावरून रोज संध्याकाळी भांडणं. अप्परकडून स्वारगेटकडे उतरणारा रस्ता असा, की भोवरा जरा कलला की निघालाच खाली. म्हणून सगळा खेळ सोसायटीच्या आतल्या फरशीवर चालतो.

एकदा शेजारच्या सातवीतल्या मुलाने मला विचारलं, "काका, कधीच थांबणार नाही असा भोवरा असतो का हो?"

मी म्हटलं, "असतो की! तुझ्या अंगात आहेत. मोजता येणार नाहीत इतके."

त्याने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. त्याची ताई कॉलेजात जाते. ती हसून म्हणाली, "अरे, काका फिरकी घेतायत तुझी!"

फिरकी होती खरी, पण माझी नाही. प्रोटॉनची! आणि प्रोटॉनने माझ्या शेजाऱ्याचीच काय, जगातल्या भल्या भल्या शास्त्रज्ञांची फिरकी घेतलेली आहे. तीच हकिगत आज सांगतो. तिच्यात पुढे एक पुण्याचं माणूसही येणार आहे. इथून पाच-सहा किलोमीटरवर टिळक रस्त्यावर जिचं कॉलेज होतं अशी एक मुलगी.

तर प्रोटॉन. तुम्ही शाळेत शिकलाच आहात, की अणूच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. एक चमचा पाणी घ्या. त्यात एकावर चोवीस शून्यं एवढ्याहून जास्त प्रोटॉन असतात. यातल्या प्रत्येकाला स्वतःची फिरकी असते. ती कुणी जाळी गुंडाळून दिलेली नाही आणि ती कधी कमीही होत नाही. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र याच फिरकीवर चालतं, बरं का. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याच्या केंद्रकातल्या प्रोटॉनांना मोठ्या चुंबकाने वळवून, त्यांच्याकडून येणारा संदेश टिपून आतलं चित्र काढतात. म्हणजे शेजाऱ्याला मी खोटं काही सांगितलं नव्हतं.

आता इथे जरा सावध! ही फिरकी भोवऱ्यासारखी आहे, पण अगदी भोवरा नव्हे. १९२५ साली हॉलंडमध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला फिरकी असते असं मांडलं. तेव्हा लोरेन्ट्झ या थोर शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवलं, की इलेक्ट्रॉन हा खरोखरचा फिरता गोळा मानला, तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशापेक्षा जास्त वेगाने धावावं लागेल. ते तर अशक्य! तरीही प्रयोगात फिरकी दिसत होतीच. त्याच्या तीन वर्षं आधी स्टर्न आणि गेरलाख या जर्मन शास्त्रज्ञांनी चांदीचे अणू चुंबकातून सोडले होते, आणि एका पट्ट्याच्या जागी दोन पट्टे उमटले होते. एक वर, एक खाली. मधे काही नाही. (ते पट्टे आधी दिसतच नव्हते म्हणे. स्टर्नसाहेब स्वस्तातल्या सिगार ओढत. त्या धुरातल्या गंधकाने चांदी काळी पडली आणि पट्टे दिसले. सिगारचा एवढा एकच चांगला उपयोग माझ्या ऐकिवात आहे!)

ही फिरकी मोजायचं एक ठरलेलं माप आहे. त्या मापात इलेक्ट्रॉनची फिरकी अर्धा, प्रोटॉनची अर्धा. ना पाव, ना पाऊण. या 'अर्धा'मध्ये एक गंमत लपली आहे आणि ती तुम्ही घरी करून पाहू शकता. उजव्या तळहातावर स्टीलची ताटली ठेवा (आईची काचेची बशी नको!). ताटली आडवीच ठेवून हात काखेखालून फिरवत तिला एक पूर्ण फेरी द्या. ताटली होती तशी झाली, पण तुमचा हात पिळवटला. आता त्याच दिशेने आणखी एक फेरी द्या, या वेळी डोक्यावरून. हात सुटला! एक फेरी पुरत नाही, दोन लागतात. अर्ध्या फिरकीच्या कणांचं गणित असंच वागतं. एका फेरीनंतर ते पूर्ववत होत नाहीत, दोन फेऱ्यांनंतर होतात.

आता शब्द शिकू 'ध्रुवण'. शंभर प्रोटॉनांचा झोत आहे समजा. त्यातल्या पन्नासांची फिरकी वरच्या दिशेला आणि पन्नासांची खालच्या दिशेला असेल, तर त्या झोताला ध्रुवण शून्य. पंचाहत्तर वर आणि पंचवीस खाली असतील, तर ७५ वजा २५, म्हणजे ५० टक्के ध्रुवण. सगळेच्या सगळे वर, तर १०० टक्के. बस, एवढंच. प्रकाशालाही ध्रुवण असतं. घरात कुणाचा पोलरॉइड गॉगल असेल तर तो साध्या कॅलक्युलेटरच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत आकडे दिसतील, नव्वद अंश फिरवला की पडदा काळा!

आणि 'विखुरणं' म्हणजे काय? समजा, अंधाऱ्या खोलीत काहीतरी ठेवलंय आणि तुम्हाला दारातून फक्त चेंडू टाकता येतात. चेंडू सरळ परत आला, तर समोर कपाट असावं. तिरका उडाला तर घडवंचीचा पाय. परतच आला नाही तर आजीची गादी! अणूच्या पोटात केंद्रक आहे हे रुदरफर्ड यांना १९११ साली असंच कळलं. त्यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ वर्खावर कण मारले आणि ते कुठे विखुरतात ते मोजलं. पुढे चेंडू लहान होत गेले, वेग वाढत गेला. १९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर कळलं, की प्रोटॉनच्या आतही आणखी बारीक दाणे आहेत. ते क्वार्क. त्यांना एकत्र चिकटवून ठेवणाऱ्या कणांना म्हणतात ग्लुऑन.

इथपर्यंत फिरकीला कुणी फारसं विचारत नव्हतं. पुष्कळांचं मत असं, की टक्कर एवढ्या जोराची असली की फिरकीचा परिणाम राहील कशाला? ताशी दीडशे किलोमीटरने आलेल्या चेंडूला बोटांनी कितीशी फिरकी दिलीय, हे बघायला फलंदाजाला वेळ असतो का? तर्क तसा बरोबर वाटतो. पण प्रोटॉनने तो मानला नाही.

१९७३ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेत ध्रुवित प्रोटॉन पहिल्यांदाच मोठ्या ऊर्जेपर्यंत नेण्यात आले. अ‍ॅलन क्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दुसऱ्या ध्रुवित प्रोटॉनांवर आदळवले. दोघांची फिरकी एकाच दिशेला असताना किती विखुरतात आणि उलट असताना किती, हे ते मोजत होते. १९७८ मध्ये आलेला निकाल असा होता, की अगदी आडव्या कोनात उडणारे प्रोटॉन पहिल्या प्रकारात दुसऱ्यापेक्षा जवळजवळ चौपट! फरक किंचित असेल असं धरून चाललेल्या मंडळींची झोप उडाली. त्याआधी दोनच वर्षं, १९७६ मध्ये, फर्मीलॅबमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट दिसली होती. बिनध्रुवित प्रोटॉन बिनध्रुवित बेरिलियमवर आपटले, आणि त्यातून निघालेले लॅम्बडा नावाचे कण मात्र ध्रुवित! कुणीही फिरकी दिली नव्हती, तरी ती आली.

मग १९८८. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा धक्का हाच.

हिशेब साधा होता. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क. प्रत्येकाची फिरकी अर्धा. दोन वर, एक खाली. अर्धा अधिक अर्धा वजा अर्धा, उत्तर अर्धा. प्रोटॉनची फिरकीही अर्धाच. झालं की! तिसरीतलं पोरही सोडवेल. बारकाईने गणित केल्यावर जाणकार म्हणत होते, की सगळी नाही तरी निम्म्याहून जास्त फिरकी क्वार्कांची निघेल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत युरोपियन म्युऑन गटाने ध्रुवित म्युऑन ध्रुवित अमोनियावर मारून हे तपासलं. (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ.) उत्तर आलं, क्वार्कांचा वाटा सुमारे १२ टक्के, आणि मोजमापातली अनिश्चितता इतकी, की तो शून्यही असू शकेल!

मग बाकीची फिरकी गेली कुठे? या कोड्याला 'प्रोटॉनच्या फिरकीचं संकट' असं नाव पडलं. पुढच्या वर्षांत जास्त नेमके प्रयोग झाले आणि क्वार्कांचा वाटा साधारण ३० टक्क्यांवर स्थिरावला. उरलेल्याचे दावेदार दोन. एक म्हणजे ग्लुऑनांची स्वतःची फिरकी. दुसरा, क्वार्क आणि ग्लुऑन प्रोटॉनच्या आत गोल गोल फिरत असतील, तर त्या फिरण्याचा वाटा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते ना, तसं.

ग्लुऑनांचा वाटा शोधायला अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड नावाच्या बेटावर, ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, एक यंत्र कामाला लागलं. त्याचं नाव 'रिक'. ३.८ किलोमीटर घेराचा बोगदा. त्यात दोन झोत समोरासमोरून धावायचे. एकेक प्रोटॉन सेकंदाला सुमारे ७८ हजार फेऱ्या मारायचा! २००१ च्या डिसेंबरात तिथे पहिल्यांदा ध्रुवित प्रोटॉनांची ध्रुवित प्रोटॉनांशी टक्कर झाली.

पण ध्रुवित प्रोटॉन असा पळवणं महाकठीण काम. का, ते ऐका. चुंबकांमधून जाताना प्रोटॉनची फिरकी डळमळते, हळू होत आलेल्या भोवऱ्याचं डोकं गोल गोल फिरतं ना, तशी. रिकमध्ये १०० जीईव्ही ऊर्जेला ती एका फेरीत सुमारे १९१ वेळा अशी गरगरायची. आणि वाटेतल्या चुंबकांत कुठेतरी किंचित उणीव असतेच. प्रत्येक फेरीत त्याच जागी तोच धक्का. झोक्याला बरोबर वेळेवर बारीक बारीक धक्के दिले की झोका कसा आभाळाला भिडतो? तसंच इथे बारीक धक्के साठत जातात आणि काही फेऱ्यांत सगळं ध्रुवण मातीमोल.

यावरचा तोडगा १९७० च्या दशकात सापडला, तोही सैबेरियात. नोवोसिबिर्स्कचे देर्बेनेव्ह आणि कोंद्रातेन्को म्हणाले, की वाटेत असं चुंबक बसवा, जे प्रोटॉनची फिरकी पूर्ण उलटी करील. मग एका वेळी बसलेला धक्का पुढच्या वेळी उलटा बसेल आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतील. अशा चुंबकांतून जाताना प्रोटॉनची वाट नागमोडी होते, म्हणून त्यांचं नाव पडलं 'सैबेरियन साप'! रिकच्या प्रत्येक झोताच्या वाटेवर असे दोन साप होते. एवढी खटपट करून शेवटी ध्रुवण किती टिकायचं? ५५ ते ६० टक्के. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर ते ऐंशी वर, बाकीचे खाली. आणि या धंद्यात हा आकडा उत्तम समजला जातो.

या यंत्राच्या मोजमापांतून २०१४ पर्यंत एवढं दिसलं, की ग्लुऑनही फिरकीत आपला वाटा उचलतात, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण सगळा हिशेब जुळला, असं अजून म्हणता येत नाही.

आता या गोष्टीचा जो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, तिकडे वळू. डावं-उजवं!

प्रोटॉन समोरून येतोय आणि त्याची फिरकी सरळ वरच्या दिशेला आहे. तो साध्या, बिनध्रुवित प्रोटॉनवर आदळला आणि त्यातून पायॉन नावाचे कण उडाले. किती डावीकडे गेले, किती उजवीकडे? मोजायची पद्धत तुमच्या शाळेतल्या गणिताइतकी सोपी. डावीकडचे वजा उजवीकडचे, भागिले एकूण. ६० डावीकडे आणि ४० उजवीकडे असतील, तर २० भागिले १००, म्हणजे २० टक्के कल. आणि झोत ५० टक्केच ध्रुवित असेल, तर खरा कल त्याच्या दुप्पट, ४० टक्के. कारण निम्म्या ध्रुवणात त्याचा निम्माच भाग दिसतो.

१९७८ साली केन, पंप्लिन आणि रेप्को यांनी तेव्हाच्या सिद्धांतावरून गणित केलं आणि सांगितलं, की मोठ्या ऊर्जेला असा कल जवळपास शून्य असला पाहिजे. १९९१ मध्ये फर्मीलॅबने २०० जीईव्हीच्या ध्रुवित प्रोटॉनांनी मोजलं, तर कल चांगला ठसठशीत! धन पायॉन एका बाजूला जास्त, ऋण पायॉन दुसऱ्या बाजूला.

डेनिस सिव्हर्स या शास्त्रज्ञाने १९९० मध्येच एक कल्पना सुचवली होती. प्रोटॉनची फिरकी वर असेल, तर आतले क्वार्क दोन्ही बाजूंना सारखे धावतच नसतील! बागेतलं गोल फिरणारं चक्र आठवा. तुम्ही समोर उभे राहिलात, की एका बाजूची मुलं तुमच्याकडे येताना दिसतात आणि दुसऱ्या बाजूची लांब जाताना. चक्र उलटं फिरवलं की बाजू बदलतात. प्रोटॉनच्या आत असंच काही चालत असेल, तर बाहेर उडणाऱ्या कणांत डाव्या-उजव्याचा फरक दिसणारच. या कल्पनेला 'सिव्हर्स परिणाम' म्हणतात.

त्यावर १९९३ मध्ये जॉन कॉलिन्स यांनी सिद्ध करून दाखवलं, की हा परिणाम शून्यच असला पाहिजे. प्रकरण मिटलं? छे! २००२ साली ब्रॉड्स्की, ह्वांग आणि श्मिट यांनी एक सोपं उदाहरण सोडवलं आणि उत्तर शून्य आलं नाही. कारण सांगतो. टक्कर बसल्यावर क्वार्क बाहेर पडतो खरा, पण मागे राहिलेली मंडळी त्याला ओढत असतात. जत्रेच्या गर्दीत हात सुटलेल्या पोराला आई मागे ओढते ना, तसं. या ओढीने त्याची वाट वाकडी होते. कॉलिन्स यांनी मग आपली सिद्धता पुन्हा तपासली आणि त्याच वर्षी एक जास्तच चमत्कारिक गोष्ट सांगितली. परिणाम शून्य नाही. पण एका जातीच्या प्रयोगात तो डावीकडे दिसला, तर दुसऱ्या एका जातीच्या प्रयोगात तो उजवीकडे दिसला पाहिजे! आकडा तेवढाच, चिन्ह उलट. कारण पहिल्या प्रकारात ओढाताण टक्कर झाल्यानंतर होते आणि दुसऱ्यात टक्कर होण्याआधी.

दोस्तांनो, विज्ञानात एवढं स्पष्ट भाकीत क्वचित मिळतं. चिन्ह बदललं नाही, तर क्वार्क आणि ग्लुऑनांचं जे गणित आपण अर्धं शतक वापरतोय, त्यातच कुठेतरी मोठी गडबड आहे. पळवाट नाही. २००५ साली हॅम्बुर्गच्या हर्मीस प्रयोगाने पहिल्या जातीतला सिव्हर्स परिणाम शून्य नसल्याचं दाखवलं. दुसऱ्या जातीचा प्रयोग सर्नच्या 'कॉम्पास' गटाने केला. निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहाव्या भागाइतकंही तापमान नाही, अशा थंडगार अमोनियातले प्रोटॉन ध्रुवित करून त्यांच्यावर पायॉन मारले. २०१७ मध्ये आलेलं त्यांचं उत्तर चिन्ह बदलण्याच्या बाजूने होतं. पण ठामपणे हात वर करावा, एवढं पक्कं नव्हतं.

हे सगळं क्वार्कांचं झालं. ग्लुऑनांचं काय? ते पण डावं-उजवं करतात का? आणि इथेच येतात पुण्याच्या रोहिणी गोडबोले.

त्यांचा जन्म पुण्यातला, १२ नोव्हेंबर १९५२. शाळा हुजूरपागा. त्या काळी तिथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाच्या ऐवजी गृहशास्त्र असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान लागायचं. तेव्हा या मुलीने ते शाळेच्या वेळाबाहेर शिकून घेतलं, परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. पुढे स. प. महाविद्यालयातून बीएस्सी, १९७४ मध्ये आयआयटी मुंबईतून एमएस्सी, आणि मग थेट अमेरिकेतलं स्टोनी ब्रूक विद्यापीठ. हे विद्यापीठ लाँग आयलंडवर आहे. हो, ब्रुकहेवन आहे त्याच बेटावर!

योगायोग बघा. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच ब्रुकहेवनमध्ये सॅम्युएल टिंग यांच्या गटाला एक नवा कण सापडला. त्यांनी त्याला 'जे' म्हटलं. तोच कण त्याच वेळी स्टॅनफर्डला बर्टन रिश्टर यांच्या गटालाही सापडला. त्यांनी नाव ठेवलं 'साय'. कुणीच माघार घेईना, म्हणून आजतागायत त्याचं नाव 'जे/साय' असंच जोडीने चालतं. प्रोटॉनच्या सव्वातीनपट जड असलेला हा कण म्हणजे चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिकण यांची जोडी. याला लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

१९७९ मध्ये पीएचडी मिळवून गोडबोले भारतात परतल्या. आधी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग मुंबई विद्यापीठ, १९९५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. ध्रुवण हा त्यांच्या कामातला एक मोठा विषय. टॉप क्वार्क हा क्वार्कांतला सगळ्यात जड, १९९५ मध्ये सापडलेला. तो इतक्या लवकर फुटतो, की इतरांशी जोडी जमवून फिरकी विसरायला त्याला सवडच मिळत नाही. त्यामुळे त्याची फिरकी त्याच्या तुकड्यांच्या दिशांवर जशीच्या तशी लिहिलेली असते. ती कशी वाचायची आणि त्यातून एखादा नवा, अनोळखी कण कसा ओळखायचा, यावर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बरंच लिहिलं. भविष्यातल्या यंत्रांत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन दोन्ही ध्रुवित असले तर काय काय दिसेल, हे सांगणाऱ्या जगभरच्या गटातही त्या होत्या.

आणि २०१२ साली एक शोधनिबंध आला. लेखक चौघे. बंगळुरूच्या रोहिणी गोडबोले, मुंबई विद्यापीठातल्या अनुराधा मिश्रा, आयआयटी मुंबईतल्या अस्मिता मुखर्जी आणि एक तरुण संशोधक. प्रश्न हाच होता, की ग्लुऑनचा सिव्हर्स परिणाम पकडायचा कसा?

अडचण अशी, की ग्लुऑनला विद्युतभार नसतो. इलेक्ट्रॉन त्याला सरळ भिडतच नाही. क्वार्कला भिडतो आणि ग्लुऑन बाजूला राहतो. मग या चौघांनी आपल्या जे/सायला हाताशी धरलं. इलेक्ट्रॉन ध्रुवित प्रोटॉनच्या जवळून जाताना त्याच्याकडून एक फोटॉन निघतो. हा फोटॉन आणि प्रोटॉनमधला ग्लुऑन भेटले, तर त्यातून चार्म आणि प्रतिचार्म अशी जोडी जन्मते. ती जोडी एकत्र राहिली की जे/साय! म्हणजे जे/साय दिसला की समजायचं, बहुतेक ग्लुऑनचा हात आहे. पातेल्यावरची साय गायब आणि मांजराच्या मिशा पांढऱ्या, तसं. शिवाय जे/साय फुटून कधीकधी दोन म्युऑन किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन देतो, आणि ते पकडायला सोपे. तेव्हा जे/साय डावीकडे किती आणि उजवीकडे किती, हे मोजलं तर ग्लुऑनचा कल कळेल.

ग्लुऑनच्या कलाचं प्रत्यक्ष मोजमाप तेव्हा हाताशी नव्हतं. म्हणून त्यांनी क्वार्कांच्या आकड्यांवरून वेगवेगळे अंदाज धरले आणि चालू असलेल्या व होऊ घातलेल्या यंत्रांसाठी हिशेब मांडला. निघालेला कल मोजता येण्याजोगा होता. कागद, पेन्सिल, संगणक आणि मुंबई-बंगळुरू अशा खेपा. एवढ्यावर हे काम झालं. नागमोडी चुंबकं, थंडगार अमोनिया यातलं काही इथे नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आपला हिशेब आणखी बारीक केला, आणि जे/सायच्या जोडीला डी-मेसॉन नावाच्या कणांचीही वाट दाखवली.

गोडबोले मुलींना विज्ञानात आणायच्या कामातही तितक्याच खमक्या होत्या. भारतातल्या शंभराच्या आसपास स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्यांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत संपादित केलं. ते २००८ साली आलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या प्रश्नाचं पुढे काय झालं? कॉम्पासने २०१७ मध्ये वेगळ्या पद्धतीने, जे/साय न वापरता, ग्लुऑनचा कल काढला. उत्तर आलं उणे ०.२३. शून्यापासून लांब दिसतं खरं, पण अनिश्चितता ०.०९ च्या घरात. अशा आकड्यावर भौतिकशास्त्रात कुणी पैज लावत नाही. आणि ही पद्धत वेगळी असल्यामुळे जे/सायचा प्रश्न उभाच आहे.

तो सोडवायला लागेल असं यंत्र, ज्यात इलेक्ट्रॉनही ध्रुवित आणि प्रोटॉनही ध्रुवित. ते कुठे उभारायचं, याचा निर्णय २०२० च्या जानेवारीत झाला. जागा पुन्हा तीच, लाँग आयलंडवरचं ब्रुकहेवन, आणि बोगदाही रिकचाच. सैबेरियन साप तिथेही लागणार आहेत. दोन्ही झोतांचं ध्रुवण ७० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा बेत आहे. आयआयटी मुंबईसह भारतातले बरेच गट त्यात भाग घेत आहेत. २०३० च्या दशकात यंत्र चालू होईल अशी अपेक्षा आहे, म्हणजे आज सातवीत असलेली मुलं तेव्हा कॉलेज संपवत असतील. मग त्या बोगद्यात जे/साय निघतील, आणि कुणीतरी डावीकडचे आणि उजवीकडचे वेगवेगळे मोजायला बसेल.